नॉर्मल आलेला रिपोर्ट

पर्युषण संपलं की पारण्याला आम्ही दरवर्षी कागलला जातो. तिथं माझी थोरली बहीण दिलेली आहे. मी तिला अक्का म्हणतो. आम्ही दोघंच भावंडं. मी गेल्याशिवाय ती उपास सोडत नाही आणि गेलो की, दुकान बंद ठेवून कशाला आलास म्हणून मलाच बोलते. कोल्हापुरात आमचं भांड्यांचं दुकान आहे, आप्पांपासूनचं. आप्पा म्हणजे आमचे वडील.

दोन वर्षांपूर्वीच्या पारण्याची गोष्ट. अक्काला पोळ्यांची कणीक मळायची होती. मळायच्या आधी तिनं हातातल्या पाटल्या काढून फडताळात ठेवल्या. मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. त्या पाटल्या आप्पांनी तिला लग्नात घातलेल्या. पुढं हात भरला तसा त्या साबण लावूनसुद्धा निघेनात. कणीक मळून झाली की ती पिन घेऊन नक्षीत अडकलेलं पीठ कोरत बसायची, हे मी वर्षानुवर्षं बघितलेलं. त्या दिवशी तिनं नुसता हात खाली सोडला आणि दोन्ही पाटल्या सुळकन तळव्यात आल्या.

"अक्का, किती बारीक झालीस गं?"

"उपास केलेत की. एकभुक्त हुतो पर्वात." ती परातीत पाणी घालत म्हणाली. "बरंच झालं. गुडघं हलकं झालं माझं."

मदतीला आलेली शेजारची बाई म्हणाली, "यंदा उपास मानवलेत बघा वैनींना. तेज आलंय चेहऱ्यावर."

मला तेज दिसेना. गालाची हाडं दिसत होती. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. अक्का काही पहिल्यांदा उपवास करत नव्हती. लग्नाआधीपासून करायची आणि पारणं झालं की दिवाळीपर्यंत होती तशी व्हायची.

पानं वाढली. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर होती, वर तुपाची धार. सगळ्यांच्या पानात अक्कानं दोन-दोन डाव घातले, स्वतःच्या पानात घेतली नाही.

"तू का घेत नाहीस?"

"साखर निघालीय मला. उन्हाळ्यात कळलं. गोळी चालू हाय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? घरटी एकाला हाय."

दाजी, म्हणजे अक्काचे मालक, हुग्गी ओरपत म्हणाले, "उसात जल्म गेला आमचा. साखर निघंना तर काय मीठ निघणार?"

सगळी पंगत हसली. माझी बायकोसुद्धा हसली.

आप्पांचं असंच सुरू झालं होतं. दुकानाच्या गादीवर बसणारा माणूस, पोट सुटलेलं. साठी उलटल्यावर एकाएकी साखर निघाली. मग पोट उतरायला लागलं. आम्ही खूश. आप्पा गिऱ्हाइकाला पोटावर हात मारून दाखवायचे, "बघा, भात सोडला आणि कसं झालंय." पुढं पाठ दुखायला लागली. ओझी उचलून मणका गेला असेल म्हणून आम्ही पट्टा आणला, शेक दिला, व्यायाम करवले. दुखणं वाढलं तसे ते गादीवर उशी पोटाशी घट्ट धरून पुढं वाकून बसायला लागले. तसं बसलं की बरं वाटतं म्हणायचे. मग डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली आणि स्कॅनमध्ये स्वादुपिंडाची गाठ दिसली. तोपर्यंत यकृतात पसरली होती. ऑपरेशन होणार नाही म्हणाले. स्वादुपिंड नावाचा अवयव पोटात असतो, पाठीच्या कण्याला चिकटून, हे मला त्या दिवशी कळलं. पुढची दिवाळी आप्पांनी बघितली नाही.

त्यामुळे अक्काची साखर आणि उतरलेल्या पाटल्या माझ्या डोक्यातून जाईनात. परत येताना हायवेवर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, साखर निघाली की वजन उतरतंच. डोक्यात काहीतरी घेऊन बसू नका." मी बसलोच. दुकानात मन लागेना. लग्नाच्या ऑर्डरीच्या ताटांवर नाव घालायच्या मशीननं मी वराकडच्या ताटांवर वधूच्या माहेरचं आडनाव घालून ठेवलं. हातात सारखा फोन. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लक्षणं, घराण्यात असला तर काय, असलं वाचत बसायचो. एक वाचलं की त्याखाली दुसरं निघायचं. त्यातच एका ठिकाणी रक्ताची तपासणी सापडली. नाव एखाद्या गाडीच्या नंबरासारखं, दोन इंग्रजी अक्षरं आणि पुढं आकडे. ट्यूमर मार्कर म्हणतात त्याला. मला हायसं वाटलं. म्हटलं, नुसतं रक्त द्यायचं आणि कळणार. एवढं सोपं असताना आप्पांचं कुणी का केलं नाही?

आधी स्वतःचं करून बघितलं. अक्काला सांगायचं तर आपण करून सांगावं म्हणून, आणि खरं म्हणजे भीती माझ्या पोटातही होतीच. लॅबमधल्या पोरीनं विचारलं, डॉक्टरांची चिठ्ठी? मी म्हटलं, नाही, माझं मीच करून घेतोय. संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. नॉर्मल. त्या रात्री मी बायकोला आणि लेकीला घेऊन बाहेर जेवायला गेलो. दिवस बुडायच्या आत जेवायचा नेम आमच्याकडे आता फक्त अक्का पाळते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन पोटविकाराच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. आप्पांना शेवटी त्यांनीच बघितलं होतं. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"ही टेस्ट कुणी सांगितली?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"कुणी नाही. माझं मीच."

"मग ऐका. ही नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि उद्या जास्त आली असती तरी घाबरून जायचं कारण नव्हतं. पित्ताशयात खडा असला तरी वाढते, कावीळ झाली तरी वाढते. आणि काही माणसांच्या रक्तात हा पदार्थ तयारच होत नाही, जन्मापासून. त्यांच्या पोटात गाठ असली तरी रिपोर्ट नॉर्मलच येणार."

"मग टेस्ट कशाला असते ही?"

"आजार आहे हे ठाऊक झाल्यावर औषध लागू पडतंय का बघायला उपयोग होतो. सगळ्या गावाचं रक्त तपासून हा कॅन्सर लवकर पकडता येईल अशी खात्रीची टेस्ट अजून नाही. शोध चालू आहे. येईलही."

मी खुर्चीत खाली सरकलो. कालचं जेवण फुकट गेल्यासारखं वाटलं. त्यांनी विचारलं, "घरात वडिलांशिवाय आणखी कुणाला होतं?"

"कुणाला नाही," म्हटलं आणि तेवढ्यात आत्या आठवली. आप्पांची बहीण, नृसिंहवाडीकडे दिलेली. मी लहान असताना कावीळ होऊन गेली असं घरात म्हणत. कावीळ उतरवणाऱ्याकडून नाकात औषध घातलं, माळ घातली, उतरली नाही. जाताना नुसता सांगाडा राहिला होता, असं आई सांगायची.

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. "ती कावीळच होती की हेच होतं, आता कळायचं नाही. पण धरून चालू. तुम्ही सिगारेट ओढता?"

"नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"दुकान बंद केल्यावर एखादी."

"ती आजपासून बंद. वडील ओढायचे?"

"विडी." आप्पा कांदा-बटाटा खायचे नाहीत, रोज बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायचे, पण विडी सुटली नाही.

उठता उठता मी अक्काचं सांगितलं. पन्नाशी उलटली आहे, उन्हाळ्यात साखर निघाली, वजन उतरलंय, उपवासानं म्हणते. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"साखर घरोघरी निघते आणि त्यातल्या बहुतेकांना हे काही नसतं, हे आधी लक्षात घ्या. पण वय पन्नाशीच्या पुढं, साखर नव्यानं निघालेली, वजन उतरतंय आणि वडिलांना हा आजार. तुमचं राहू द्या. बहिणीला घेऊन या."

अक्काला आणणं एवढं सोपं असतं तर काय. मी कागलला गेलो तेव्हा ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळवत होती. मी शब्द जुळवून जुळवून सांगितलं, दवाखान्यात चल, निदान रक्त तरी दे, कळेल. तिनं शेंगांतून हात काढला नाही.

"आप्पास्नी झालं म्हणून मला व्हणार व्हय? मग तुलाबी व्हणार की. तू झोप जा दवाखान्यात."

"मी तपासून घेतलंय."

"काय आलं?"

"नॉर्मल."

"मग झालं की. एकाच आईची लेकरं."

दाजी सोप्यातून म्हणाले, "अगं, रक्तच द्यायचंय न्हवं? दे की. तो आता ऐकंपर्यंत हितनं हालत न्हाय. गिऱ्हाइकं गेली त्याची तर तुझ्या नावानं बोंबलंल."

रक्त देईन, बाकी काही नाही, या बोलीवर अक्का तयार झाली. कागलमध्येच रक्त घेतलं. दोन दिवस मी फोन हातातून ठेवला नाही. दाजींनीच रिपोर्ट पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "नॉर्मल हाय! नॉर्मल! आता तरी जेव गा पोटभर." मागून अक्काचा आवाज येत होता, "सांगा त्याला, म्हणावं मी अजून मरालो न्हाय." दाजींनी पेढे आणले, बस्तीत वाटले, आमच्याकडेही एक पुडा पाठवला.

पेढे खाताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. काही माणसांच्या रक्तात हा पदार्थ तयारच होत नाही. अक्का त्यातली असली तर? म्हणजे ज्या टेस्टसाठी मी तिच्या मागं लागलो, तीच टेस्ट आता माझ्या आड आली होती. रिपोर्ट चांगला आलाय, हे तिच्या हातात मीच आणून दिलं होतं.

डॉक्टरबाईंना पुन्हा भेटलो. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला रक्त तपासा म्हटलं नव्हतं, बहिणीला आणा म्हटलं होतं. स्कॅन करायचा. साखरेचे जुने रिपोर्ट असतील तर तेही आणा."

साखरेचे रिपोर्ट दाजींनी फोनवरून पाठवले. गोळी चालू असून, गोड बंद असून, साखर वाढतच चालली होती. वजन कमी होताना साखर उतरायला हवी, हिची चढतेय, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना हेच खटकत होतं. अक्काचं रक्त सांगत होतं, पण त्या गाडीच्या नंबराच्या टेस्टमधून नव्हे, साध्या साखरेतून सांगत होतं.

पुन्हा कागलला गेलो. या वेळी भांडण झालं.

"रिपोर्ट चांगला आलाय की! आता आणि कसला स्कॅन?"

"अक्का, त्या टेस्टवर भरवसा नाही गं."

"मग केलास कशाला? तूच म्हणालास, रक्त दे, कळतंय. दिलं. आता म्हणतोस कळत न्हाय. तुला मी आजारी पायजे व्हय? आजारी असलो म्हंजे तुझ्या जिवाला थंड वाटणार काय?"

चहा न घेता मी गाडी काढली. कागलपासून कोल्हापूर किती लांब आहे? पण त्या दिवशी मला वाटेत दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. तिचं म्हणणं खोटं म्हणून नव्हे. आपण खरंच असे झालो आहोत का, हे मला कळत नव्हतं. आप्पांच्या वेळेला आम्ही काहीच ओळखलं नाही, आता सगळीकडे तेच दिसतंय. बायको म्हणाली, "थोडं दमानं घ्या. सारखं सारखं मागं लागलात तर ती मुद्दाम करायची नाही." तेही खरं. पण दमानं घ्यायला वेळ आहे की नाही, हेच तर ठाऊक नव्हतं.

भाऊबीजेला गेलो. अक्कानं पाट मांडला, ओवाळलं, साखरेचा दाणा तोंडात घातला. मी स्कॅनचं काढलं नाही. ती आणखी वाळली होती. निघताना तिनं फराळाचा डबा दिला, तो माझ्या हातात न देता बायकोच्या हातात दिला.

त्यानंतर आठवडाभरानं दुकानात फोन आला. नेहमी फोनवर तिचा आवाज दोन घरं पलीकडे ऐकू जातो. त्या दिवशी मला गिऱ्हाइकाला हातानं गप्प करून ऐकावं लागलं.

"कामात हैस व्हय रं?"

"नाही. बोल."

"आज दुपारी पाठ दुखायली म्हणून बसलो हुतो." मी दुकानाच्या आतल्या बाजूला सरकलो. "उशी घेऊन बसलो की रं. पोटाशी. वाकून. बरं वाटलं मला तसं. मग ध्यानात आलं, आप्पा असंच बसायचे."

मी म्हटलं, आत्ताच निघतो. ती म्हणाली, "उद्या येतो. तुझ्या दाजींना कारखान्यावर काम हाय, तू न्यायला ये."

स्कॅनसाठी हातात सुई टोचून औषध सोडतात, अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटतं. अक्का बाहेर येऊन म्हणाली, "चुलीपुढं बसल्यागत झालं." तिला भूक लागली होती. खाली कँटीनमध्ये तिनं उपमा मागवला, कांदा आहे म्हणून परत केला आणि केळं खाल्लं. मी तिच्यासमोर बसून काचेच्या दाराकडे बघत होतो.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना बसवलं. दाजी थेट कारखान्यावरून आले होते, अंगाला मळीचा वास येत होता. बाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. स्वादुपिंडाच्या शेपटाकडच्या बाजूला एक छोटी गाठ. मला तर काही कळत नव्हतं, सगळं करड्या रंगाचं. दाजी पुढं वाकून म्हणाले, "ही? शेंगदाण्याएवढी?"

"त्याहून जरा मोठी आहे. पण यकृत स्वच्छ आहे. मोठ्या रक्तवाहिन्यांना लागलेली दिसत नाही. दुर्बिणीतून सुई घालून तपासू आणि तेच निघालं तर काढता येईल असं मला वाटतं."

अक्कानं विचारलं, "आप्पांची का काढली न्हाईसा?"

"तुमच्या वडिलांची कळली तेव्हा पसरली होती. तुमची त्याआधी कळलीय. फार थोड्यांची अशी कळते."

अक्का माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "तुझा शर्ट किती मळलाय. बायको धूत न्हाय व्हय?"

सुईच्या तपासणीत तेच निघालं. ऑपरेशन पुण्याला झालं. भाचा, अक्काचा मुलगा, तिथं नोकरीला आहे, त्याच्याकडे सगळे राहिलो. ऑपरेशनच्या दिवशी थिएटरबाहेरच्या खुर्च्यांवर मी बसू शकलो नाही. जिना उतरायचो, चढायचो. खाली जाऊन पार्किंगमध्ये आपली गाडी आहे का बघून यायचो. सिगारेटची आठवण इतकी आली की हाताची बोटं आपोआप खिशात जायची. दाजी मात्र एका जागी बसून शेजारच्या अनोळखी माणसाला उसाच्या तोडणीचं सांगत होते. "पावणं, टोळी येती म्हणती आणि येत न्हाय, ऊस वाळतोय उभ्यानं." मला त्यांचा राग आला. याची बायको आत टेबलावर आहे आणि हा माणूस ऊस वाळतोय म्हणतोय. मग सर्जन बाहेर आले. दाजी उठायला गेले आणि त्यांचा तोल गेला, तो अनोळखी माणूस आणि मी, दोघांनी मिळून त्यांना धरलं.

"गाठ निघाली," सर्जन म्हणाले. "शेपटाकडचा भाग आणि प्लीहा काढलीय. कडा स्वच्छ वाटतायत, बाकी तपासणीला पाठवलंय."

दाजींनी त्यांचे हात हातात घेतले आणि सोडेनात.

पुढचं सोपं नव्हतं. जखम भरल्यावर कोल्हापुरात केमो सुरू झाली. तेवढे महिने अक्का आमच्याकडे राहिली. तोंडाला चव नाही, हाताच्या बोटांना थंड पाणी लागलं की झिणझिण्या. साखरेची आता गोळी जाऊन इन्सुलिन आलं, आणि त्यावरून घरात नवं भांडण. अंधार पडल्यावर अक्का पाण्याशिवाय काही घेत नाही. एकदा दिवेलागणीनंतर तिची साखर उतरली, अंगाला दरदरून घाम, बोलणं अडखळायला लागलं. माझी बायको गुळाचा खडा घेऊन तोंडाशी धरत होती आणि ही दात घट्ट मिटून मान हलवत होती. शेवटी बायको ओरडली, "अक्का, तोंड उघडा, नाहीतर नाक दाबीन!" आणि गूळ आत गेला.

दुसऱ्या दिवशी अक्का फार दुखावली होती. नेम मोडला म्हणून रडली. गडमुडशिंगीकडे त्या वेळी आर्यिका माताजींचा, म्हणजे आमच्या साध्वींचा, मुक्काम होता. मी तिला गाडीत घालून तिथं नेलं. माताजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "औषध म्हणून घेतलंस की जिभेसाठी?" अक्का म्हणाली, "औषधच की." "मग रडतीस कशाला?" परतीच्या वाटेवर अक्कानं स्वतःच गाडी थांबवायला लावून दुकानातून खडीसाखर घेतली आणि पदराच्या गाठीला बांधली.

उन्हाळा संपता संपता केमो संपली. अक्का कागलला गेली. वजन थोडं भरलंय. जेवणाबरोबर पचनाच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, दर काही महिन्यांनी स्कॅन होतो. आतापर्यंतचे स्कॅन स्वच्छ आहेत. डॉक्टरबाई "बरी झाली" असं म्हणत नाहीत. "आज काही दिसत नाही," म्हणतात.

त्यांनीच एक दिवस मला अडवलं. म्हणाल्या, "वडील, बहीण आणि कदाचित आत्या. आता तुमचं काय?" आधी अक्काच्या रक्ताची आनुवंशिकतेची तपासणी केली. घराण्यातून येणारा माहितीतला कुठलाही दोष सापडला नाही. मी खूश व्हायला लागलो तर म्हणाल्या, "सापडला नाही म्हणजे नाहीच असं नव्हे. घरात एवढ्यांना झालाय, तेवढं पुरे आहे. तुम्ही वर्षातून एकदा एमआरआय करायचा. आणि साखरेवर लक्ष."

मी हो म्हटलं आणि केलं नाही. लग्नसराई झाली की करू. माल यायचाय, तो आला की करू. गौरी-गणपती होऊ देत. रक्त द्यायला मी धावत गेलो होतो, कारण तिथून नॉर्मल घेऊन घरी येता येईल असं वाटलं होतं. त्या मशीनच्या नळकांड्यात शिरायचं म्हटलं की पाय मागं यायचे. अक्काचा शेंगदाण्याएवढा ठिपका डोळ्यांसमोर यायचा. वजनकाट्यावर मात्र मी रोज उभा राहायचो. बायको म्हणायची, "कमी झालं तरी तोंड सुकतं तुमचं, वाढलं तरी सुकतं. एकदा जाऊन या की."

यंदा पारणं झालं आणि दुसऱ्या सकाळी दुकानाचं शटर वर करतोय तर समोर अक्का उभी. एसटीनं एकटी आली होती. हातात पाण्याची बाटली, काखेत पिशवी.

"बंद कर ते."

"अगं, आत्ताच उघडतोय."

"बंद कर म्हणतो न्हवं? तुझ्या बायकोला मी काल इचारलं. सांगितलंय तिनं सगळं. मला स्कॅनला पाठवायला अंगणात येऊन भांडलास, आणि तू सवता दडून बसतोस व्हय रं?"

बोळातले सगळे दुकानदार ऐकत होते. समोरचा सराफ हसायला लागला. मी शटर खाली ओढलं.

एमआरआयच्या बाहेरच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली. शेजारच्या माणसाला मोठ्यानं म्हणाली, "पावणं, तुमचं काय दुखतंय?" त्यानं गुडघ्याचं सांगितलं. तिनं त्याला स्वतःच्या पोटाची सगळी कथा ऐकवली, प्लीहा काढली तेसुद्धा. तो बिचारा गुडघा विसरून ऐकत होता. माझं नाव पुकारलं तेव्हा तिनं माझ्या हातातलं घड्याळ, खिशातल्या किल्ल्या, फोन काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

"आत भ्या वाटलं तर डोळं मीट," ती म्हणाली. "णमोकार म्हण. मी हितंच हाय."

आत आवाज फार होता, ठोकाठोकी चालल्यासारखा. श्वास धरा, सोडा, धरा, सोडा, असं कानात कुणीतरी सांगत होतं. णमोकार मंत्र मी अर्धा म्हणायचो आणि पुढचा शब्द विसरायचो.

रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज काही दिसत नाही. पुढच्या वर्षी याच महिन्यात." अक्कानं मला खाली नेऊन चहा पाजला, स्वतः बिनसाखरेचा घेतला आणि दिवस बुडायच्या आत घरी पोचायचं म्हणून घाईघाईनं कागलच्या बसला चढली. मी दुकानात परत गेलो. घरी जाताना पाठीत थोडी कळ आली. दिवसभर बाकावर बसून आली असेल.